डोळ्यात कुसळ गेलं, तर मेडिकलमधून थेंब आणू नका

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि तिकडे वैनगंगेपलीकडे आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा. या सगळ्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येतो आणि बाया-माणसं सकाळपासून बांध्यांमध्ये वाकलेली असतात. कापणी झाली की मळणी. पूर्वी ती बैलांच्या पायाखाली व्हायची, आता थ्रेशर येतो. थ्रेशरच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याच्या अंगावर कुसळं, कोंडा, तणसाचे तुकडे सारखे उडत असतात. त्यातलं एखादं डोळ्यात जातं. माणूस डोळा चोळतो, पदराच्या नाहीतर दुपट्ट्याच्या टोकाने पुसतो, पाणी मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. मजुरी दिवसाची असते, डोळ्यासाठी थांबायला कोण सांगतो?

बहुतेक वेळा डोळा थोडा चुरचुरतो आणि रात्रीच्या झोपेनंतर बरा होतो. म्हणूनच आपण या गोष्टीला किंमत देत नाही. पण काही वेळा ते कुसळ बुबुळावर बारीकसा ओरखडा काढतं आणि स्वतःबरोबर आणलेली बुरशी त्या ओरखड्यात सोडून जातं. मग काही दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, पाणी गळतं, आणि आरशात पाहिलं तर काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरट ठिपका दिसतो. ‘डोळ्यात फूल पडलं’ असं आपण म्हणतो. पण जुनं फूल आणि हे फूल एक नाही. जुनं फूल म्हणजे भरून आलेल्या जखमेचा डाग. हे म्हणजे चालू असलेली जखम, रोज थोडी थोडी खोल जाणारी. डॉक्टरांच्या भाषेत फंगल केरायटिस, म्हणजे बुरशीमुळे झालेला बुबुळाचा व्रण.

आधी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये फिरताना असे डोळे मी बरेच पाहिले. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पदराच्या गाठीत थेंबांची एक बाटली असायची. कुणी मेडिकलवाल्याने दिलेली, कुणी शेजारणीची उरलेली, कुणी मागच्या वेळी डोळे आले तेव्हाची. आणि वाक्यही ठरलेलं: “सिस्टरबाई, थेंब टाकले तेव्हा दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा वाढलं.” हे ‘दोन दिवस बरं वाटलं’ काय असतं ते समजून घेणं फार गरजेचं आहे. त्याकडे येतेच, आधी डोळ्याचं थोडं समजून घेऊ.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन थरांएवढी. उजेड आत जायचा तर हा पडदा स्वच्छ पाहिजे, म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नसतात. हातापायाला जखम झाली तर रक्तातून शरीराचे शिपाई लगेच धावून येतात, इथे ते लवकर पोहोचत नाहीत. पडद्याचं वरचं पातळ आवरण शाबूत आहे तोवर बुरशीला आत शिरता येत नाही. ते खरचटलं की दार उघडलं. पांढरा ठिपका बुबुळाच्या मधोमध पडला तर जखम भरल्यावरही डाग नजरेच्या आड येतो. आणि जखम आरपार गेली तर डोळा फुटतो.

बुरशी येते कुठून? फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही या रोगातली दोन मुख्य नावं. दोन्ही मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात, ओल्या तणसात, धान्यात राहतात. म्हणजे आपण जिथे राबतो तिथेच. हा रोग वैद्यकाच्या पुस्तकात पहिल्यांदा नोंदवला तो १८७९ साली जर्मनीत, थिओडोर लेबर या डॉक्टरने. रोगी कोण होता? मळणी करताना ओटचं कुसळ डोळ्यात गेलेला शेतकरी. तिथे ओट, इथे धान, एवढाच फरक. आता जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा व्रण होतो असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक आशिया-आफ्रिकेतल्या उष्ण-दमट शेतीच्या प्रदेशातले आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आपल्याकडच्या दहा वर्षांच्या तेराशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक जणांच्या डोळ्याला आधी मार लागलेला होता आणि दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोन जण १६ ते ४९ या वयातले होते. म्हणजे घर चालवणारेच.

धानच नाही. वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे सोयाबीनची कापणी आणि वाळलेल्या पऱ्हाटीची टोकं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना परत फिरून डोळ्यावर बसलेली फांदी. बांबूचं कूस. म्हैस-गाईच्या शेपटीचा फटका, ज्याला कुणी मार म्हणतच नाही. डॉक्टर विचारतात, “डोळ्याला काही लागलं होतं का?” आणि बाई म्हणते, “नाही जी.” दूध काढताना शेपटी लागली होती हे तिला सांगण्यासारखं वाटत नाही. सांगा. तेवढ्या एका वाक्यावर डॉक्टर कोणती तपासणी करायची ते ठरवतात.

थेंबांची बाटली आणि ‘दोन दिवस बरं’

डोळे येणं आणि हा व्रण यात फरक करायला शिका. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी डोळे आले होते, आठवत असेल. डोळे आले की बहुधा दोन्ही डोळ्यांना लागतं, सकाळी चिपडं येतात, पापण्या चिकटतात, पण नजर साफ असते, घरात दुसऱ्यालाही होतं आणि आठवड्याभरात ओसरतं. व्रण बहुधा एकाच डोळ्याला. नजर धूसर होते. उजेडात डोळा उघडवत नाही. आणि बुबुळावर ठिपका दिसतो, कधी कधी ठिपक्याखाली बुबुळाच्या तळाशी पांढरा पू साचलेला असतो. एक फसवणारी गोष्ट अशी की बुरशीच्या व्रणात सुरुवातीला दुखणं कमी असू शकतं. डोळा दिसायला वाईट, पण माणूस म्हणतो, “तेवढं दुखत नाही.” म्हणून तो आणखी चार दिवस काढतो.

आता ती बाटली. मेडिकलमध्ये ‘डोळा लाल झाला’ म्हटलं की जे मिश्रण हातात पडतं, त्यात कित्येकदा जंतूंच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं. डोळा पांढरा दिसायला लागतो, चुरचुर कमी होते, दोन दिवस बरं वाटतं. पण सूज ही शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते. ती दाबली की बुरशीला मोकळं रान मिळतं आणि ती खोल जाते. लाली परत येते तेव्हा जखम दुप्पट झालेली असते. स्टिरॉइडचे डोळ्यातले थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, पण आपल्या बाजारात काय चालतं ते मी सांगायला नको.

घरात जी बाटली आहे ती आत्ता काढा आणि तिच्यावरचं नाव मुलाला वाचायला सांगा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यातलं एकही नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना हेच थेंब दिलेले असतात, आणि ते योग्यच असतात, त्या डोळ्यासाठी, तेवढ्या दिवसांसाठी. बाटली उघडून महिना झाला की ती टाकून द्यायची असते. ती पुढच्या हंगामात सुनेच्या डोळ्यात पडते तेव्हा नुकसान होतं.

दुसरं, घरचे उपाय. मध, तूप, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, कुठल्या तरी पानाचा रस, आणि जिभेने डोळ्यातला कचरा काढून देणारी आजी. आजी मायेने करते, माझा तिच्यावर राग नाही. पण तोंडातले जंतू आणि पानावरची बुरशी ओरखडा पडलेल्या बुबुळावर नेऊन ठेवायची म्हणजे कुसळाने केलेलं काम पुरं करायचं. डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, कुसळ बुबुळात रुतलेलं दिसलं तर ते स्वतः काढू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका. बंद उबेत जंतू वाढतात.

‘त्याच दिवशी’ असं मी जोर देऊन का म्हणते त्याला कारण आहे. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात एक प्रयोग झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. गावोगावच्या साध्या स्वयंसेवकांना शिकवलं होतं: डोळ्याला ओरखडा पडलेला माणूस आला की तपासा आणि जंतूंविरुद्ध क्लोरॅमफेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावा. ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ व्रण न होता भरले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. नंतर नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा कामाने गावातलं एकूण व्रणांचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही, त्यामुळे मलम वाटलं की प्रश्न सुटला असं नाही. पण ते १८ तास मी विसरत नाही. आपल्याकडे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आशाताई असतात. ओरखडा तपासायला फार काही लागत नाही. फ्लुरोसीन नावाच्या कागदाच्या पट्टीचा पिवळा रंग डोळ्यात लावायचा, निळ्या उजेडात पाहायचं, जिथे खरचटलंय तिथे हिरवं चमकतं. ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी हे पाच मिनिटांत करतात.

खरवड काढून घ्यायला घाबरू नका

ठिपका पडला असेल तर मात्र उपकेंद्रावर थांबायचं नाही. नेत्रतज्ज्ञ पाहिजे, आणि नुसता बॅटरी मारून पाहणारा नाही, खरवड काढून तपासणारा पाहिजे.

खरवड म्हणजे काय? आधी डोळा बधिर करायचे थेंब टाकतात. मग स्लिट लॅम्प या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात आणि बारीक पात्याने व्रणाच्या कडेचा थोडा थर खरवडून काचेच्या पट्टीवर घेतात. दुखत नाही, दाब जाणवतो. त्या थरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की डोळ्याच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात, सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांसारखे दिसतात. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे, आणि उत्तर त्याच दिवशी मिळतं. उरलेला नमुना बुरशी वाढवायच्या बशीत ठेवतात. तिथे नेमकी कोणती बुरशी हे कळायला काही दिवस ते दोन आठवडे लागू शकतात. अनुभवी डॉक्टरला नुसतं पाहूनही शंका येते. बुरशीच्या व्रणाची कड पिसासारखी फाटलेली असते, पृष्ठभाग कोरडा आणि उंचवट्याचा, मुख्य व्रणाच्या बाजूला छोटे छोटे ठिपके. पण पाहून शंका येते, खात्री खरवडीने होते. दोन्ही डोळ्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तेव्हा “डॉक्टर, खरवड काढणार का?” असं विचारायला लाजू नका. विचारल्याने कुणी डॉक्टर रागावला तरी चालेल.

अनेक नातेवाईक इथेच माघार घेतात. “डोळा आधीच गेला, आता पातं लावतात” म्हणून रुग्णाला घरी नेलेलं मी पाहिलं आहे. खरवडीचा एक फायदा कुणी सांगत नाही: वरचा मेलेला थर निघाला की औषध आत शिरायला सोपं जातं.

औषध आहे नॅटामायसिन, ५ टक्क्यांचं. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं, नावही त्याच प्रांताचं. मातीतला रोग आणि मातीतलंच औषध. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. नवं आणि महाग व्होरिकोनॅझोल बरं की जुनं नॅटामायसिन, हा प्रश्न सोडवला तो मुख्यतः आपल्याच देशातल्या रुग्णांनी. तमिळनाडू-पुदुच्चेरीतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ साली तो छापून आला. नॅटामायसिन घेतलेल्यांची नजर तीन महिन्यांनी जास्त चांगली होती आणि डोळा फुटण्याचं किंवा ऑपरेशनची पाळी येण्याचं प्रमाण कमी होतं. फ्युजेरियम बुरशीत तर हा फरक फार ठळक होता. तेव्हा डॉक्टरांनी जुनं औषध लिहिलं म्हणून ‘गरिबाला स्वस्तातलं दिलं’ असा गैरसमज करून घेऊ नका. इथे जुनंच चांगलं आहे.

पण हे औषध वापरणं हे खरं काम आहे, आणि त्यात घरच्यांचाच हात लागतो. बाटलीतलं औषध पांढरं, गाळासारखं असतं, तळाशी बसतं. प्रत्येक वेळी नीट हलवायचं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस तासातासाला थेंब, बऱ्याचदा रात्रीही. मग डॉक्टर सांगतील तसं दोन तासांनी. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं. हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक पापणीला न लावता. पापणीच्या कडेला पांढरा थर साचतो, तो पू नाही, औषध आहे, ओल्या स्वच्छ कापसाने पुसायचं. बाहुली मोठी करायचे थेंबही देतात, त्याने दुखणं कमी होतं, पण जवळचं धूसर दिसतं. “औषधाने नजर गेली” म्हणून बऱ्याच जणी ते थेंब बंद करतात. बंद करू नका, तो परिणाम तात्पुरता असतो.

बुरशीचा व्रण सावकाश भरतो. चार ते सहा आठवडे धरून चला, कधी त्याहून जास्त. आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थेंब सोडलेले आणि पंधराव्या दिवशी डोळा फुटून आलेले रुग्ण असतात. मोबाइलवर तासातासाचा गजर लावा, वहीत रेघा मारा, घरातल्या तिघा-चौघांनी पाळ्या वाटून घ्या. रात्रीची पाळी नवऱ्यानेही घ्यावी. बाई आजारी असली की तिचे थेंब टाकायला कुणी उठत नाही आणि पुरुष आजारी असला की सगळं घर उठतं, हे मी खूप पाहिलं. साखर तपासून घ्या. मधुमेह असेल तर व्रण चिवट होतो. व्रण खोल असेल तर डॉक्टर गोळ्या, इंजेक्शन देतात, आणि त्यानेही थांबला नाही तर सडलेला पडदा काढून दान मिळालेल्या डोळ्याचा पडदा शिवतात. तो पहिल्यांदा डोळा वाचवण्यासाठी असतो, नजरेचं नंतर पाहतात.

लेन्स लावणाऱ्या मुला-मुलींसाठी

आपल्या वस्तीच्या पानावर कॉन्टॅक्ट लेन्सचं काय काम, असं वाटेल. पण आपली मुलं नागपूर-पुण्याला वसतिगृहात राहून शिकतात, नोकरी करतात, चष्मा टाळायला लेन्स घेतात. लग्नाच्या मेकअपमध्ये निळ्या-घाऱ्या रंगाची लेन्स आता तालुक्याच्या पार्लरमध्येही लावतात. आणि लेन्समुळे जी बुरशी होते, ती शेतातल्यासारखीच फ्युजेरियम असू शकते.

२००५-०६ साली हाँगकाँग, सिंगापूर आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये अचानक फ्युजेरियमचे व्रण वाढले. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली, त्यातल्या ५५ जणांवर पडदा बदलायची पाळी आली. शोध घेतला तेव्हा बॉश अँड लॉम्ब कंपनीचं ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे लेन्स धुवायचं पाणी संशयात सापडलं. कंपनीने मे २००६ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं. कारखान्यात बुरशी सापडली नाही. डबीत ते पाणी सुकत गेलं, जुन्यातच नवं ओतत राहिलं, की त्याची बुरशी मारायची ताकद उरत नव्हती.

तेव्हा लेन्स लावणाऱ्यांनी एवढं पाळायचं. डबीतलं जुनं पाणी रोज फेकायचं, उरलेल्यात भर घालायची नाही. नळाचं, बोअरचं, फिल्टरचंही पाणी लेन्सला लावायचं नाही. पाण्यात अकँथामिबा नावाचा जीव असतो. त्याचा व्रण डोळा दिसतो त्याच्या मानाने भयंकर दुखतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं. लेन्स लावून आंघोळ, नदीत पोहणं, झोपणं नाही. डबी तीन महिन्यांनी बदलायची. मैत्रिणीची लेन्स लावायची नाही, पार्लरमध्ये एकीच्या डोळ्यातून काढून दुसरीला लावली जाते ती तर नाहीच नाही. दिवाळीला गावी येऊन धान चुरायला उभं राहणार असाल तर लेन्स काढून चष्मा लावा. डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला तर लेन्स लगेच काढा, पण फेकू नका. डबीसकट डॉक्टरकडे न्या, त्यावरूनही बुरशीचा माग लागतो. आणि लेन्स वापरते हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

जायचं कुठे

चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे, गडचिरोलीलाही आता झालं आहे. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. तिथे खरवडीची किंवा औषधाची सोय त्या दिवशी नसेल तर ‘सोमवारी या’ ऐकून घरी परतू नका, पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा: सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, तिकडचे लोक नदी ओलांडून तेलंगणात जातात, आणि ते चुकीचं नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत पैसे नसलेल्यांवरही उपचार होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे रेशनकार्ड, आधार घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

कापणीच्या आधी गॉगल घ्या. हार्डवेअरच्या दुकानात बाजूने बंद असलेला पांढरा साधा गॉगल थोड्या पैशांत मिळतो. घामाने धुकं धरतो, बाया कंटाळून काढून ठेवतात, हे मला माहीत आहे. निदान थ्रेशरच्या तोंडाशी उभं असताना तरी लावा. थ्रेशर ताशी भाड्याने येतो, त्या मालकाने मशीनबरोबर चार गॉगल ठेवलेच पाहिजेत, हे मळणी ठरवतानाच बोलून घ्या. एकटी बाई बोलली तर हसतील, टोळी बोलली तर आणतील.

आणि कागद. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर सरकारी नियमाने अपंगत्व ३० टक्के धरतात. सवलती मिळायला ४० लागतात. म्हणजे अर्धी दुनिया गेली तरी हातात काही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी, भूमिहीन मजुरासाठी नाही. ठेकेदाराच्या कामावर, मशीनवर डोळा गेला असेल तर कर्मचारी नुकसान भरपाईच्या कायद्यात एक डोळा जाण्याची टक्केवारी ठरलेली आहे, दुसरा डोळा चांगला असला तरीही. पण हे सगळं मागायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा तयार होतो पहिल्या दिवशी. म्हणून आरोग्य केंद्रात पहिली चिठ्ठी निघते तेव्हाच तिच्यावर तारीख, कोणत्या गावात, कुणाच्या शेतात किंवा कुणाच्या मशीनवर, काय काम करताना, डोळ्यात काय गेलं, हे लिहून घ्या. ‘डोळा लाल’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच उभं राहून बाकीचं लिहायला सांगा, आणि चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.